शेवंतीच्या काखेत केसांच्या घट्ट गाठी झाल्यात, कात्री लावू का?

मोरपीस

नमस्कार मंडळी. आमची शेवंती 13 वर्षांची आहे. लांब केसांची, पर्शियन वळणाची. काल रात्री ती मांडीवर झोपली होती. सहज कुरवाळताना तिच्या पुढच्या पायाच्या काखेत हात गेला आणि बोटांना सुपारीएवढं काहीतरी कडक लागलं. माझ्या पोटात धस्स झालं, पहिला विचार कॅन्सरचाच आला. टॉर्च लावून केस बाजूला केले तेव्हा कळलं की ती केसांचीच गाठ आहे, पण इतकी आवळलेली की खालची कातडी दिसतच नाही. मग सगळं अंग चाचपलं. दुसऱ्या काखेत एक, कानांमागे दोन छोट्या, आणि कंबरेवर शेपटीच्या जरा वर तर हातभर घोंगडी झाल्यासारखं वाटतंय. फणी लावली की गुरगुरते, काल तर पंजाही मारला. आयुष्यात कधी तिनं मला ओरखडलं नव्हतं.

लहान टोकदार कात्री आहे घरात. ती झोपेत असताना हळूच एकेक गाठ कापून टाकली तर चालेल का? कुणी केलंय का असं?

रानवारा

मोरपीस, कात्री आधी ड्रॉवरमध्ये ठेवा. मग पुढचं वाचा.

मी केलंय असं, म्हणून सांगतो. आमच्या बोक्याच्या मांडीजवळ गाठ होती. मी ती चिमटीत धरून वर ओढली आणि मुळाशी कात्री चालवली. तो ओरडलासुद्धा नाही, फक्त दचकून उठला. माझ्या हातात गाठ होती आणि तिच्या बुडाशी कातडीचा गुलाबी तुकडा. दोन बोटं मावतील एवढी जखम झाली होती. रक्त फारसं नव्हतं, त्यामुळे क्षणभर मला समजलंच नाही की मी काय केलंय. टाके पडले. आज चार वर्षं झाली, अजून तिथे हात गेला की मला ते आठवतं.

गाठ ओढली की कातडी तंबूसारखी गाठीच्या आत वर येते. आपल्याला वाटतं आपण केस कापतोय. झोपेत तर मुळीच नको, ती दचकून हलली की संपलं.

मोरपीस

बापरे. कात्री ठेवून दिली. खरंच आभार, मी आज दुपारीच करणार होते.

सांजवेळ

माझ्या मते आधी कोमट पाण्यानं छान अंघोळ घाला, केस मऊ पडतील, मग फणी फिरेल. आणि गाठीला खोबरेल तेल चोळून ठेवा रात्रभर. माणसांच्या जटा अशाच सुटतात.

पाऊलखुणा

मी पशुवैद्य आहे, रोजच्या कामात हे बघते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सांजवेळ, तुमचा हेतू चांगला आहे, पण गाठी असताना अंघोळ घालू नका. लोकर गरम पाण्यात चोळली की आटून घट्ट होते ना, तसंच इथे होतं. गाठ आणखी आवळते, आत पाणी अडकतं, ते वाळत नाही आणि ओल्या कातडीवर खाज, पुरळ, दुर्गंधी सुरू होते. तेलानं धूळ चिकटते आणि मांजर ते सगळं चाटून पोटात घेतं. मग जुलाब. सुगंधी तेलं तर अजिबातच नकोत, टी ट्री तेल मांजरांना विषारी आहे. अंघोळ घालायचीच तर सगळा गुंता निघाल्यावर.

गाठ होते कशी? मांजराच्या अंगावर वरचे लांब राठ केस असतात आणि खाली मऊ लव. लव सतत गळत असते. निरोगी मांजर चाटून ती काढून टाकतं. काढली नाही तर ती वरच्या केसांत अडकते, आणि जिथे अंग अंगाला घासतं तिथे, म्हणजे काखेत, जांघेत, कानामागे, गळपट्ट्याखाली, तिची घोंगडी वळली जाते. गाठ मोठी झाली की प्रत्येक पावलाला कातडी ओढली जाते. आपली वेणी कुणीतरी दिवसभर खेचून धरावी, तसं. शेवंतीनं पंजा मारला तो रागानं नाही, तिला खरोखर दुखतंय.

लांब केसांच्या मांजरांची आणखी एक अडचण आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. मांजराच्या जिभेवर सुमारे 300 काटे असतात. 2018 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतल्या अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी दाखवून दिलं की हे काटे टोकाशी पन्हाळीसारखे पोकळ असतात आणि त्यातून लाळ थेट केसांच्या मुळापर्यंत पोचते. वाघापासून घरच्या मांजरापर्यंत हेच. पण पर्शियनचे केस इतके दाट आणि लांब की काटे कातडीपर्यंत पोचतच नाहीत. म्हणजे पर्शियन मांजर कितीही स्वच्छ असलं तरी तिचं ते काम पुरं होत नाही. उरलेलं काम आपलं. माणसानं ही जात घडवली, तेव्हा फणीही माणसानंच हातात घ्यायला हवी.

आता माझा खरा प्रश्न. काखेतल्या गाठी समजल्या. पण कंबरेवर घोंगडी का झाली? हे नवीन आहे का? शेवंती हल्ली उड्या मारते का? वजन, भूक, पाणी पिणं, यात काही बदल?

मोरपीस

तुम्ही विचारलंत म्हणून आज दिवसभर नीट लक्ष दिलं.

कंबरेवरचं नवीनच आहे. गेल्या वर्षीपर्यंत तिथले केस रेशमासारखे होते. उड्यांचं म्हणाल तर, आमच्या खिडकीच्या कट्ट्यावर तिची जागा होती. आता ती खाली बसून वर बघत राहते, मग आधी स्टुलावर चढते, थांबते, मग कट्ट्यावर. मला वाटायचं वयानं शांत झाली आहे. आज चाटताना पाहिलं, छाती आणि पंजे नीट चाटले, मग मान मागे वळवली, अर्ध्यावर आणली आणि सोडून दिली. दोनदा असं केलं. ते बघून मला रडू आलं. पाणी नेहमीइतकंच पिते. जेवण किंचित कमी आहे.

पाऊलखुणा

रडू नका, तुम्ही फार मोलाचं निरीक्षण केलंत. मान अर्ध्यावरून परत येणं हे सांध्यांच्या दुखण्याचं चित्र वाटतंय. मांजरं कुत्र्यांसारखी लंगडत नाहीत. ती फक्त एकेक गोष्ट करायची सोडून देतात आणि आपण म्हणतो वय झालं. 2002 मध्ये छापलेल्या एका पाहणीत 12 वर्षांवरच्या 100 मांजरांचे एक्सरे पाहिले होते, त्यातल्या 90 जणांत सांध्यांची झीज दिसली. नव्वद! म्हाताऱ्या मांजराच्या कंबरेवर गाठी दिसल्या की माझा हात आधी तिच्या मणक्याकडे आणि नितंबाच्या सांध्याकडे जातो.

दुसरी कारणंही तपासायला हवीत. दात किडले किंवा हिरड्या सुजल्या की चाटताना तोंड दुखतं. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह आणि थायरॉईड वाढणं, या तिन्हींत केस विस्कटलेले, चिकट दिसायला लागतात. जेवण कमी झालंय म्हणालात, तेव्हा दात आणि रक्ततपासणी दोन्ही करून घ्या. घाबरायचं काही नाही, पण येत्या आठवड्यात जा.

उंबरठा

वाचते आहे, वाचनखूण साठवली. एक विचारू का, तोवर दुखू नये म्हणून घरातली पॅरासिटामॉल अगदी चिमूटभर दिली तर?

पाऊलखुणा

नाही!! उंबरठा, बरं झालं विचारलंत. पॅरासिटामॉलनं मांजर मरतं. माणसाची एक गोळीसुद्धा जीव घ्यायला पुरते. त्यांच्या यकृतात ते औषध निकामी करण्याची सोयच जवळजवळ नसते. रक्त ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं. चिमूटभर नाही, कणभर नाही. माणसाचं कुठलंच वेदनाशामक स्वतःच्या मनानं देऊ नका. कुणाच्या मांजरानं चुकून खाल्लं असेल तर लक्षणांची वाट न बघता तडक दवाखाना गाठा.

निवांत

छोट्या गाठी हातानं कशा सोडवायच्या ते मी लिहितो. माझ्याकडे लांब केसांच्या तीन मांजरी झाल्या, पंधरा वर्षं हेच करतोय. कानामागच्या दोन छोट्या गाठी तुम्हाला घरी निघतील असं वाटतं. कंबरेवरची घोंगडी आणि काख मात्र डॉक्टरकडेच.

वेळ निवडा. पोटभर जेवून, ऊन खाऊन ती सैलावते ती वेळ. तिला पकडून ठेवायचं नाही, दोघांनी दाबून तर अजिबात नाही. तुम्ही जमिनीवर बसा, ती शेजारी.

डाव्या हाताच्या अंगठ्यानं आणि तर्जनीनं गाठीच्या खाली, अगदी कातडीला लागून केस धरा. घट्ट. हा हात शेवटपर्यंत हलवायचा नाही. म्हणजे वर कितीही ओढाताण झाली तरी ती तुमच्या बोटांवर येते, तिच्या कातडीवर नाही. सगळी गोम या हातात आहे. बहुतेक जण फणीकडे बघतात आणि हा हात विसरतात.

आता चिमूटभर कॉर्नस्टार्च गाठीवर टाकून बोटानं आत मुरवा. केस एकमेकांवरून सरकायला लागतात. टाल्कम पावडर नको, ती श्वासात जाते. मग फणी न लावता उजव्या हाताच्या बोटांनीच गाठ दोन भागांत फाडायचा प्रयत्न करा. कापूस पिंजतात तसं. बाहेरच्या टोकापासून सुरू करून आत. मुळापासून बाहेर ओढलं तर गाठ आणखी बसते. गाठ पिंजून सैल झाली की धातूची रुंद दातांची फणी घ्या, तीही टोकापासून, एकेक पाव इंच मागे येत. शेवटी बारीक दातांची.

एका बैठकीत एकच गाठ, फार तर पाच मिनिटं. शेपटी आपटायला लागली, कान मागे गेले, पाठीची कातडी थरथरली की थांबायचं, तिनं पंजा मारायच्या आधी. अर्धी सुटलेली गाठ तशीच राहू द्या, उद्या बघू. थांबताना आवडीचा खाऊ द्या. तिला कळलं पाहिजे की नको म्हटलं की हे ऐकतात, तरच ती उद्या येऊन बसेल.

गाठ कापायची आकड्यासारखी पाती मिळतात. सवय नसेल तर कातडीजवळ वापरू नका.

गोधडी

लांब केसांच्याच नाही, आमची साधी आखूड केसांची मनीसुद्धा कंबरेवर गाठोळली होती, कोंडाही पडायचा. कारण वजन. पोट इतकं सुटलं होतं की तोंड मागे पोचायचंच नाही. डॉक्टरांनी मोजून मापून खायला सांगितलं आणि घाई करू नका म्हणाले. लठ्ठ मांजराला एकदम उपाशी ठेवलं तर यकृतात चरबी साठून जिवावर बेततं, हे मला तेव्हाच कळलं. आठ महिन्यांत वजन उतरलं आणि एका सकाळी तिनं मागचा पाय सरळ वर करून शेपटीचं मूळ चाटलं. घरात सगळ्यांना बोलावून दाखवलं मी.

मोरपीस

(3 दिवसांनी)

कानामागची एक गाठ निघाली! निवांत, तुमचं पोस्ट मी कागदावर उतरवून घेतलं होतं.

पहिल्या दिवशी फक्त कॉर्नस्टार्च लावलं आणि तिला जाऊ दिलं. दुसऱ्या दिवशी गाठ बोटांनी फाडली, मधोमध दुभंगली, तेव्हा आत करड्या लवेचा वाळलेला गोळा दिसला. त्यात एक बी अडकलं होतं. गवताचं असावं, कुसळासारखं टोक होतं. त्याच्याभोवतीच सगळं गुंडाळलं गेलं असणार. काल फणी लावली. मुळाशी धरलेल्या बोटांना माझ्याच ओढण्याचा जोर जाणवत होता आणि ती डोळे मिटून पडून होती. शेवटचे चार केस सुटले तेव्हा तिनं डोकं जोरात झटकलं आणि मागच्या पायानं तिथेच मनसोक्त खाजवलं. किती दिवस तिला तिथे खाजवायचं असेल कोण जाणे.

खालची कातडी थोडी लाल आहे. चालेल ना?

पाऊलखुणा

शाब्बास! किंचित लाली एकदोन दिवसांत जाते. ओलसर, चिकट किंवा वास येत असेल तर दाखवा. ती डोकं झटकत राहिली तर मात्र कानाची पाळी रोज बघा. गाठ निघाल्यावर मोकळेपणी झटकून झटकून कधीकधी पाळीत रक्त साकळून ती फुगते. कुसळाचं निरीक्षण छान, दुसऱ्या कानामागेही बघा.

उंबरठा

काखेसाठी ट्रिमर वापरता येईल का? घरात दाढीचा आहे.

पाऊलखुणा

दाढीचा नको, त्याचं पातं या केसांत अडकतं आणि खेचतं. प्राण्यांचा क्लिपर, 10 नंबरचं पातं, साधारण दीड मिलिमीटर केस ठेवतं. कातडी ताणून सपाट करायची, पातं कातडीला समांतर ठेवायचं, गाठीच्या खालून सरकवायचं. दर मिनिटाला पातं स्वतःच्या मनगटाला लावून बघा, तापलेलं पातं भाजतं. पाठीवर हे शिकून जमतं. काख, जांघ आणि पोट मात्र पहिल्यांदा करणाऱ्यानं घेऊ नये. तिथे कातडीच्या सैल घड्या असतात आणि स्तनाग्रं केसांत दिसत नाहीत. बोक्यालाही असतात बरं का.

तळ्याकाठी

एक गोष्ट लिहाविशी वाटते. आम्ही मागे एक बेवारस लांबकेसी मांजर घरी आणलं. शेपटीखाली गाठी, त्यात विष्ठा अडकलेली. घाण वाटते म्हणून दोन दिवस आम्ही नुसतं ओल्या फडक्यानं पुसत राहिलो. तिसऱ्या दिवशी गाठ हलताना दिसली. आत अळ्या होत्या. माश्या अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या निघतात. डॉक्टरांनी गुंगी देऊन सगळं साफ केलं, वाचलं ते. शेपटीखाली गाठी आणि घाण दिसली तर त्याच दिवशी जा, उद्यावर टाकू नका.

रानवारा

+1. आणि गुंगीला घाबरू नका. मी आधी घाबरायचो. पण शुद्धीत तासभर दाबून धरून भादरण्यापेक्षा तपासण्या करून दिलेली गुंगी कितीतरी दयाळू. फक्त घरच्या घरी झोपेची औषधं देऊ नका. आमच्या डॉक्टरांनी निघायच्या दोन तास आधी द्यायला गॅबापेंटिन लिहून दिलं होतं, त्यानं प्रवासातली भीतीसुद्धा कमी झाली.

मोरपीस

(9 दिवसांनी)

आज जाऊन आलो. पाऊलखुणा, तुमचा अंदाज बरोबर निघाला. एक्सरेत मणक्याच्या खालच्या भागात आणि दोन्ही नितंबांच्या सांध्यांत झीज आहे. एक दाढ मुळातून हलत होती, ती काढली. मूत्रपिंड वयाच्या मानानं ठीक, थायरॉईड नॉर्मल. त्याच गुंगीत कंबर आणि काखा भादरून घेतल्या.

कंबरेवरून जे निघालं ते एकसंध होतं, उचलून धरलं तर पायपुसण्यासारखं उभं राहत होतं. मी ते हातात घेऊन बराच वेळ बसले. हे पाठीवर घेऊन ती हिंडत होती आणि रोज रात्री माझ्याच मांडीवर येत होती. खाली कातडीवर दोन निळसर डाग आहेत, डॉक्टर म्हणाले ओढ बसून रक्त साकळलंय, जाईल. सांध्यांसाठी महिन्यातून एकदा इंजेक्शन सुरू केलंय.

पाऊलखुणा

फार बरं वाटलं वाचून. भादरलेल्या जागेवर थेट कडक ऊन नको, आणि थंडी असेल तर अंथरूण उबदार ठेवा. ती जागा फार चाटायला लागली तर कळवा. कट्ट्यापाशी पक्की पायरी ठेवा, शौचाच्या ट्रेची एक बाजू उतरती करा, पाणी आणि खाणं जरा उंचावर. केस पूर्ववत व्हायला 4 ते 6 महिने लागतील.

उंबरठा

त्यात भर: कान-शेपटी गडद असलेल्या हिमालयन किंवा सयामी रंगाच्या मांजरांचे भादरलेले केस आधी गडद उगवतात. आमच्याकडे पाठीवर तपकिरी चौकोनच आला होता. त्यांच्या केसांचा रंग कातडीच्या तापमानावर ठरतो, थंड जागी गडद. पुढच्या केसगळतीत जातो तो. मी उगाच पंधरा दिवस काळजी केली, म्हणून लिहिलं.

सांजवेळ

मी वर चुकीचा सल्ला दिला होता, पाऊलखुणांनी लगेच थांबवलं ते बरं झालं. आमच्याकडे आता तीन महिन्यांचं लांबकेसी पिल्लू आलंय. त्याला आत्तापासून काय सवय लावू?

निवांत

रोज एक मिनिट. पहिला आठवडा फणी नुसती हुंगू द्या, मग फणीची उलटी बाजू अंगावर फिरवा, मग फणीच्या दातांनी एकदोनदा हलकेच ओढल्यासारखं करा. खाऊ सोबत. काखेत आणि पोटाला रोज बोट लावायची सवय तर लावाच, कारण मोठेपणी गाठ तिथेच होणार आणि तेव्हा ते हात लावू देणार नाही. मऊ ब्रशवर विसंबू नका. वरचे केस छान चमकतात आणि खाली कातडीजवळ घोंगडी वळत राहते. शेवटी धातूची फणी मुळापासून टोकापर्यंत न अडता गेली पाहिजे, तरच झालं म्हणायचं.

मोरपीस

(साडेचार महिन्यांनी)

धागा वर काढते आहे, कारण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कंबरेवरचे केस जवळजवळ पूर्ण आलेत, पूर्वीपेक्षा किंचित मऊ. रोज रात्री जेवणानंतर पाच मिनिटं फणी, काखा आधी, पाठ शेवटी. पाठ तिला आवडते म्हणून ती बक्षिसासारखी ठेवली आहे. आता फणीचा डबा उघडला की आवाजानं ती स्वतः येऊन बसते.

आज सकाळी चहा घेताना पाहिलं, ती कट्ट्यावर उन्हात बसली होती. छाती चाटली, पंजे चाटले, मग मान मागे वळवली. मी कप खाली ठेवला. मान अर्ध्यावर थांबली नाही. तिनं शेपटीच्या वरचे केस तीनदा, सावकाश, मुळापासून चाटले आणि मग माझ्याकडे बघून डोळे मिटले.